सातच्या ठोक्याला सोयाबीन

मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेसाठी मी सोळा सोमवार धरले होते. नुसता उपास काय, कुणीही करतं, म्हणून त्याला मौनाची जोड दिली होती. सोमवारी उठल्यापासून महादेवाची पूजा होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. मुलगी पास झाली, नोकरीला लागली, पण मला त्या सकाळच्या शांततेची अशी गोडी लागली की सोळा संपून कितीतरी सोमवार उलटले तरी मौन काही सुटलं नाही.

आता अशा बाईला रेडिओवर कुणी घेईल का? मला घेतलं.

झालं असं, की लातूरच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी महिलांच्या कार्यक्रमात एकदा हरतालिकेची कहाणी सांगायला गेले होते. तिथल्या संचालक सरांना सकाळी सातच्या ‘सकाळचा सौदा’ या बाजाराच्या बातम्यांच्या कार्यक्रमासाठी निर्माती हवी होती. आधीच्या दोघी चांगल्या शिकलेल्या होत्या, पण पहाटे यायचं म्हटलं की आजारी पडायच्या. सरांनी मला विचारलं, “काकू, तुम्ही उठता किती वाजता?”

मी म्हटलं, “चारला.”

सर म्हणाले, “झाली मुलाखत.”

त्याला तीन वर्षं झाली. किस्से हे चाळणीतल्या कोंड्यासारखे असतात. कोंड्यासाठी म्हणून पीठ कुणी चाळत नाही, पण रोज चाळलं की तो साठतोच. त्यातले थोडे आज सांगते.

*

आमची माणसं आधी ओळखून घ्या, फार नाहीत. भाव वाचतात ते शिवलिंगअप्पा. उदगीरच्या धान्यबाजारातले, म्हणजे मोंढ्यातले, जुने आडते, सत्तरी ओलांडलेले. दुकान मुलांच्या हाती दिलं आणि लातूरला धाकट्याकडे राहायला आले. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की मोंढ्याच्या या टोकाचं त्या टोकाला कळावं. यंत्रं सांभाळतात शफीभाई. आणि नांदेडकडच्या हळदीचा, केळीचा भाव फोनवर कळवतात ते अर्धापूरचे बालाजीराव. स्वतः केळी लावणारे. आमचा कार्यक्रम नांदेडच्या आमच्याच केंद्रावरूनही लागतो, म्हणून त्यांची जोड.

पहिल्याच सोमवारी बालाजीरावांचा फोन आला आणि मी उचलला. मौन होतं. फोन उचलला खरा, पण हॅलो कसं म्हणणार?

“हॅलो. हॅलो? कोणच न्हाई का?” बालाजीराव म्हणाले. मी रिसिव्हरवर बोटानं टकटक केली. त्यांना वाटलं लाइनच खराब.

“कोण न्हाई ते बरंच हाय,” ते आपल्याशीच बोलायला लागले. “अप्पाला कोणी सांगावं आता? माणूस भाव सांगून राहिला का लग्नपत्रिका वाचून राहिला, काई समजत न्हाई. केळीच्या आधी सतरा नमस्कार.”

इतक्यात काचेपलीकडून अप्पांचा आवाज आला, शांतपणे. “बालाजीराव, नमस्कार संपले. केळीचा भाव सांगा.”

शफीभाईंनी वेळ झाली म्हणून बालाजीरावांचा फोन कधीच थेट कार्यक्रमात जोडून टाकला होता. दोन जिल्ह्यांनी ऐकलं. ऐकत असतील तर.

*

‘ऐकत असतील तर’ असं मी उगाच म्हटलं नाही. तेच आमचं दुखणं होतं.

आमची मुख्य संस्था पुण्याला. मागच्या पावसाळ्यात तिथून निरोप आला, की आता व्यापाराच्या बातम्यांचा एक तयार कार्यक्रम पुण्याहूनच सगळ्या केंद्रांना पाठवायचा विचार आहे. शेअर बाजार, परदेशी बाजार, सगळं त्यात. मग लातूरचा ‘सकाळचा सौदा’ वेगळा कशाला? कुणी ऐकत असेल तर पुरावा दाखवा, राहू देऊ. हिवाळ्यात माणूस पाठवू, तो येऊन बघेल.

पुरावा कुठून आणायचा? सातला लोक धार काढत असतात, चूल पेटवत असतात. शेणाच्या हातानं रेडिओला फोन कोण करणार? तीन वर्षांत आम्हाला आलेले फोन एका हाताच्या बोटांवर मावतील, आणि त्यातले दोन गॅस एजन्सीसाठी होते.

सर म्हणाले, “काकू, खात्रीचा एक तरी श्रोता सांगा.”

मी म्हटलं, “आमचे हे.”

तेही पूर्ण खरं नव्हतं. आमचे हे एसटीतून निवृत्त झालेत. सगळा कार्यक्रम ऐकतात, फक्त सोन्याचा भाव आला की पाण्याची मोटर बघायला उठतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला कानातलं करायचं म्हणाले होते, तेव्हापासून मोटर रोज बिघडते.

सरांनी वहीत लिहून घेतलं: ‘एक. सोनं वगळून.’

मला सगळ्यात काळजी अप्पांची होती. ते एकदा बोलून गेले होते, “काकू, दुकानात मी गेलो की पोरं उठून उभी राहतात, पण विचारत काही न्हाईत. भाव मोबाइलवर बघतात. माझं ऐकणारं हे एकच भोक राहिलंय.” आणि माइकला हात लावला होता. ते बंद झालं असतं तर या माणसानं सकाळी सातला काय केलं असतं?

*

अप्पांचा एक नेम आहे. सकाळच्या प्रहरी तोंडातून वाईट शब्द जाऊ द्यायचा नाही. दुकानात बोहनीच्या आधी ‘नाही’ म्हणत नसत, तीच सवय. त्यामुळे ‘शेअर बाजार कोसळला’ असं मी लिहून दिलं तरी ते वाचत नाहीत.

“कोसळला कसं म्हणू? दिवस उगवतोय आत्ता.”

“मग काय लिहू?”

“विसावला लिहा.”

त्या आठवड्यात बाजार पाच दिवस विसावला. शनिवारी माझी शेजारीण, निवृत्त शाळामास्तरीण, गेटातच भेटली. “अगं, तुमच्या अप्पांचे ते पाहुणे, शेअर बाजार, अजून विसावतायतच का? दवाखान्यात दाखवलं का कुठं?”

*

बालाजीरावांची दुसरी खोड मला उशिरा कळली. कधी त्यांचा फोन स्वच्छ यायचा, घंटेसारखा. कधी नुसती खरखर. “हॅलो... केळी... हॅलो... रेंज न्हाई... विष्णुपुरी धरणाच्या पाण्यापाशी हाव...” आणि फोन बंद.

मी बिचारी रोज गणपतीला सांगायची, बाबा, त्यांच्या शेतात टॉवर येऊ दे.

एक दिवस खरखर सुरू झाली तशी अप्पांनी माइक बंद करून मला सांगितलं, “लिहा काकू, केळी पडली.”

“त्यांनी भाव कुठं सांगितला?”

“स्वतःची केळी हाय त्यांची. चढला की टाकीवर चढून सांगतात, पडला की पाण्यात उतरतात.”

दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिलं. पडली होती. तेव्हापासून मी खरखर ऐकूनच लिहून घेते. अजून एकदाही चुकलेली नाही.

*

या नोकरीत येईपर्यंत माझी प्रार्थना सोपी होती. सगळीकडे पाऊस पडू दे, सगळ्यांचं पिकू दे. मग एके दिवशी बातमी लिहायला घेतली: ब्राझीलमध्ये पाऊस चांगला झाला, सोयाबीन उदंड येणार, म्हणून आपल्याकडचा भाव उतरला.

माझा हात थांबला. म्हणजे इतकी वर्षं मी ‘सगळीकडे’ म्हणत होते, त्यात ब्राझीलही होतं की काय?

दोन दिवस मन लागलं नाही. शेवटी सिद्धेश्वराच्या देवळात पुजाऱ्यांना विचारलं, “प्रार्थनेतून ब्राझील वगळलं तर चालेल का?”

ते गंध उगाळता उगाळता म्हणाले, “काकू, तिथंही कुणी बाई असेल हो तुमच्यासारखी.”

हे ऐकून तर मला जास्तच वाईट वाटलं. मी स्टुडिओत अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, “तिकडं पडू द्या पाऊस, पण बंदरावर जहाज जरा उशिरा लागू द्या, असं मागा.” व्यापारी माणूस. मधला मार्ग काढतोच.

शफीभाई हेडफोन काढून म्हणाले, “मांगो ना काकू सबके वास्ते. दुवा पे जीएसटी नै लगती.”

मी पुन्हा सगळीकडे मागायला लागले. भाव काय, होईल वर खाली.

*

हिवाळा जवळ आला तसे सर घाबरले. “कार्यक्रमात जान पाहिजे. बाजाराचा जिवंत आवाज आणा. नुसते आकडे किती दिवस वाचणार?”

शफीभाई रेकॉर्डर घेऊन देवणीच्या बैलबाजाराला गेले. दिवसभर उन्हात उभे राहिले. संध्याकाळी आले ते खूष. “काकू, एकदम जवळसे लिया. दो बड़े व्यापारी, एक नंबर जोडी.”

आम्ही लावून ऐकलं. बैलाच्या गळ्यातल्या घंटा. कुणीतरी खाकरलं. मग काहीच नाही. मग परत घंटा. बावीस मिनिटं.

बैलांचा सौदा रुमालाखाली होतो हे शफीभाईंनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. माहीत सगळ्यांना होतं, पण रेकॉर्डर नेताना कुणाला आठवलं नाही.

मी म्हटलं, “वाया गेलं.”

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. “थांबा. परत लावा.” परत लावलं. “हा. इथं त्यानं तीन बोटं धरली. दुसरा श्वास सोडतोय, बघा. इथं फिसकटलं.” घंटा वाजली. “बैल फिरवून दाखवला. आता परत हात घातला.” मग बराच वेळ काहीच नाही. अप्पा हळूच म्हणाले, “झाला सौदा. विकणाऱ्याला वाईट वाटून राहिलंय. बैल आवडता होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेच लावलं. मागे घंटा आणि शांतता, पुढे अप्पा. मी काचेमागे पदर डोळ्याला लावून बसले होते.

सरांचा फोन आला. “काकू, शांतता ऐकवायला सरकारनं लायसन्स दिलंय का आपल्याला?”

त्या दिवशी मला वाटलं, संपलं आता.

*

कार्यक्रम तपासायला पुण्याच्या साने मॅडम येणार होत्या, त्यांची तारीख सरांनीच ठरवली. कॅलेंडर बघून ठरवली. त्यात त्या दिवशी नुसतं ‘अमावस्या’ असं लिहिलेलं होतं आणि सर सांगलीकडचे. त्यांना काय माहीत, की ही आमची येळवस.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, आणि मग भज्जी, ताकातली आंबील, उंडे, तिळाची पोळी असं उठवेनासं होईपर्यंत जेवायचं. शहरात कुत्रं दिसत नाही, कारण तीही मागोमाग शेतात गेलेली असतात.

मॅडम सकाळी साडेसहाला स्टुडिओत आल्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, पिशवीत चाळीस कागद. एका कागदावर एका माणसाला विचारायचे बारा प्रश्न.

“इथे संचारबंदी आहे का?” त्यांनी पहिलं हेच विचारलं. “स्टँडपासून इथपर्यंत एक माणूस दिसला नाही.”

मी येळवस समजावून सांगितली. मॅडम खुर्चीत बसल्या. “उद्या सकाळच्या गाडीनं मला निघायचंय. आज कागद भरले नाहीत तर अहवालात शून्य लिहावं लागेल. माझा इलाज नाही हो.”

अप्पांनी सगळं ऐकलं. माइकसमोर जाऊन बसले. सात वाजले, तांबडा दिवा लागला.

“नमस्कार,” अप्पा म्हणाले, एकदाच. “आज येळवस. बाजार बंद, भाव न्हाईत. आमच्याकडं पुण्याच्या मॅडम आल्यात. आपलं कोणी ऐकतं का, ते बघायला. शहरात आज माणूस भेटणार न्हाई, म्हणून आम्हीच अकरा वाजता चाकूर रस्त्यानं निघणार हाव. पांढरी जीप हाय. कोणी ऐकत असाल तर रस्त्याच्या कडंला येऊन हात करा. कोणी नसंल तरी राग न्हाई. मग मात्र उद्यापासून आपली भेट न्हाई. शरणार्थी.” लिंगायतांचा नमस्कार आहे तो, अप्पा निरोप घेताना तोच म्हणतात.

अकराला निघालो. शफीभाई गाडी चालवत होते, शेजारी अप्पा, मागे मी आणि मॅडम. दोन्हीकडे हरभरा, ज्वारी, लांबवर कोपी दिसत होत्या, पण रस्त्यावर कुणी नाही. मी मनातल्या मनात महादेवाला धरून ठेवलं होतं. अप्पा सरळ समोर बघत होते. एकदाच म्हणाले, “शफीभाई, हळू घ्या जरा.”

आणि एका वळणावर धोतरवाला एक माणूस उभा. हात वर केलेला.

शफीभाईंनी करकचून ब्रेक लावला. मॅडमनी पेन काढलं.

“चाकूरला सोडता का?” माणूस म्हणाला. “आज एसटीच न्हाई.”

त्याला मागे बसवलं. मॅडमनी तरी विचारलं, “तुम्ही ‘सकाळचा सौदा’ ऐकता का?”

“न्हाई. आमच्यात टीव्ही हाय.”

मॅडमनी पहिल्या कागदावर ‘नाही’ लिहिलं. अप्पांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

पुढचं वळण घेतलं आणि लिंबाखाली एक बाई दिसली, कमरेवर घागर, हात वर. तिच्या मागे शेताच्या धुऱ्यावर तिचा नवरा, त्याचाही हात वर. त्यापलीकडच्या शेताच्या कडेला चौघं. मग सात-आठ. जिथवर नजर जात होती तिथवर रस्त्याच्या कडेला माणसं हात करून उभी होती.

“या अल्ला,” शफीभाई म्हणाले आणि गाडी बंदच केली.

घागरवाली बाई पुढे आली. अप्पांना खालून वर बघितलं. “तुम्हीच का सोयाबीन सांगणारे? आवाजावरनं वाटलं होतं, उंच असतील.”

मॅडमनी कागद काढला. “ताई, तुमचं नाव?”

“नाव मग. पान वाढलंय.”

“नाही, मी बाहेरचं खात नाही. मला पित्त होतं.”

“मग तर आंबील प्याच. येळवशीला शेतातनं उपाशी गेलेलं चालत न्हाई, मॅडम. आमचं वर्ष वाईट जातं.”

आता कुणाचं वर्ष वाईट जावं असं कुणाला वाटेल? मॅडम बसल्या. जेवल्या. मग प्रश्न विचारले.

“कार्यक्रम किती वेळ ऐकता?”

“धार संपेपर्यंत,” नवरा म्हणाला.

“त्यापासून काय फायदा झाला?”

“अप्पाचा आवाज आला की म्हैस पान्हा सोडती.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “लिहा.”

दुसऱ्या शेतातही तेच. आधी पान, मग कागद. तिसऱ्यात एका म्हाताऱ्याला विचारलं, “कार्यक्रमात काय बदल हवा?” तो म्हणाला, “अप्पाला सर्दी झाली तर आधी सांगत जावा. आम्हाला वाटतं भाव पडला.” चौथ्या शेतात अप्पांभोवती माणसं बसली होती. तूर ठेवावी का विकावी, अवंदा हरभऱ्याचं कसं, एकेक जण विचारत होता आणि अप्पा मांडी घालून सांगत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि एकही आकडा कागदावरचा नव्हता.

पाचव्या शेतात मॅडमनी चपला काढल्या, कोपीला टेकल्या, आणि “दोनच मिनिटं” म्हणून डोळे मिटले. आंबिलीचं तसंच असतं. मी कागद शोधायला लागले तर कागद जागेवर नव्हते. पलीकडे झाडाखाली आमचा चाकूरवाला धोतर सावरून बसला होता. पाचही शेतांत आमच्याबरोबर जेवला होता. एकेकाला समोर बसवून बारा प्रश्न विचारून लिहून घेत होता, अक्षरही चांगलं होतं.

“तुम्हाला चाकूरला जायचं होतं ना?” मी विचारलं.

“आता कशाला?” तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दिवस मावळताना मॅडम जाग्या झाल्या आणि कागद तपासायला बसल्या. चाळीसच्या चाळीस भरलेले. सगळ्यात वरचा त्या चाकूरवाल्याचा स्वतःचा होता. ‘नाही’ खोडलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, ‘उद्यापासून.’

सकाळी मॅडम गाडीच्या आधी स्टुडिओत आल्या. अप्पांनी भाव वाचले आणि माइक त्यांच्याकडे वळवला. “दोन शब्द बोला.”

मॅडम आधी घसा साफ करत राहिल्या. मग म्हणाल्या, “नमस्कार. मी पुण्याहून आले होते. माझं काल पुण्याशी बोलणं झालंय, ही सातची वेळ अप्पांचीच राहणार आहे. आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे कधी कुणी अनोळखी माणूस कागद घेऊन प्रश्न विचारायला आला, तर चाकूर रस्त्यावरच्या लोकांनी केलं तसंच करा. त्याला लगेच उत्तर देऊ नका. आधी जेवायला घाला.”